तीन कर्नल, दोन इनिटआरडी

सकाळी सव्वासातला मशीन सुरू केलं आणि पासफ्रेज विचारणारी चौकट आलीच नाही. माझी डिस्क एन्क्रिप्ट केलेली आहे, म्हणजे पासफ्रेजशिवाय ती वाचता येत नाही. रोज आधी ती चौकट येते, मी पासफ्रेज टाइप करते आणि मग डेस्कटॉप उघडतो. त्या दिवशी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांचा दाट मजकूर आला आणि तिथेच थिजला. त्यातली एक ओळ नीट वाचता आली: ‘कर्नल पॅनिक – नॉट सिंकिंग: व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)’. कीबोर्डवर काहीही दाबलं तरी पडदा ढिम्म. पॉवरचं बटण दाबून धरलं, बंद केलं, पुन्हा लावलं. अक्षर न अक्षर तेच.

मी भाषांतराची कामं करते. त्या मशीनवर एका मोठ्या कामाची शेवटची पाच दिवसांची मेहनत होती आणि बाहेरच्या ड्राइव्हवरचा बॅकअप त्याआधीचा होता. आदल्या आठवड्यात आपोआप होणाऱ्या अपडेटमध्ये नवा कर्नल, म्हणजे माझ्या मशीनवरच्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आल्याचं मला अंधुक आठवत होतं. म्हणून पहिला निष्कर्ष सोपा होता: नवा कर्नल बिघडलेला आहे. तो निष्कर्ष अर्धाच बरोबर होता, पण ते कळायला दुपार उजाडली.

धाकट्या भावाला फोन केला. तोही लिनक्स वापरतो आणि त्याला असल्या गोष्टींचा माझ्यापेक्षा जास्त सराव आहे. तो म्हणाला, “ताई, पेन ड्राइव्हवरून नव्याने इन्स्टॉल कर. बॅकअप परत टाक. दुपारपर्यंत मोकळी होशील.” पाच दिवसांचं काम आत अडकलंय म्हटल्यावर तो थोडा थांबला. “मग आधी लाइव्ह यूएसबीने, म्हणजे पेन ड्राइव्हवरूनच सिस्टिम चालवून, ते काढून घे आणि नंतर पूस.” वेळेच्या हिशोबात त्याचं काही चुकत नव्हतं. पण हे का झालं ते न कळता पुसून टाकलं, तर नव्याने बसवलेल्या मशीनवरही ते पुन्हा होणार नाही याची खात्री कशी देता येईल? मी ठरवलं की आधी पडद्यावरचं वाक्य नीट समजून घ्यायचं.

व्हीएफएस हा कर्नलमधला एक थर. डिस्कवरची फाइल सिस्टिम कुठल्याही प्रकारची असो, बाकीच्या कर्नलला ती एकाच पद्धतीने दिसावी याची व्यवस्था तो करतो. तो म्हणत होता की मूळ फाइल सिस्टिम, म्हणजे रूट, मला जोडता येत नाही. खरा उपयोगी तपशील मात्र कंसातल्या दोन शून्यांत होता. लिनक्समध्ये प्रत्येक डिस्कला आणि पार्टिशनला, म्हणजे डिस्कच्या प्रत्येक भागाला, दोन आकडे असतात, एक मेजर आणि एक मायनर. डिस्क सापडली असती आणि त्यावरची फाइल सिस्टिम वाचता आली नसती, तर तिथे काहीतरी खरे आकडे आले असते. साटा डिस्कसाठी मेजर आकडा ८ असतो. शून्य-शून्य याचा अर्थ कर्नलला त्या नावाचं उपकरणच दिसत नव्हतं.

डिस्क मेली की काय, ही भीती तिथे आली. मशीन पुन्हा चालू करून मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, म्हणजे यूईएफआयमध्ये गेले. तिथे एनव्हीएमई ड्राइव्ह, म्हणजे माझी डिस्क, आपल्या पूर्ण नावानिशी दिसत होता. मग जरा शांतपणे विचार केल्यावर लक्षात आलं की तेवढंही करायची गरज नव्हती. कर्नल पॅनिकचा संदेश पडद्यावर आला म्हणजे कर्नल चालू झाला होता. कर्नल चालू झाला म्हणजे ग्रबने, म्हणजे सुरुवातीला कर्नल मेमरीत आणणाऱ्या प्रोग्रामने, तो डिस्कवरून वाचला होता. म्हणजे डिस्क जिवंत आहे, यूईएफआय ठीक आहे, ग्रब ठीक आहे, कर्नलच्या फाइली असलेलं बूट पार्टिशन वाचता येतंय. एवढ्या सगळ्या गोष्टी त्या एका भीतिदायक वाक्याने सिद्ध केल्या होत्या. बिघाड त्यानंतरच्या एका अरुंद फटीत होता: कर्नल मेमरीत आला त्या क्षणापासून रूट जोडली जाण्याच्या क्षणापर्यंत.

या फटीत काम करणाऱ्या वस्तूचं नाव इनिटरॅमएफएस. ती का लागते हे मला तोवर वरवरच माहीत होतं. कर्नलला डिस्क वाचायची तर डिस्कचा ड्रायव्हर हवा. बहुतेक तयार कर्नलमध्ये असे ड्रायव्हर पोटात नसतात, वेगळ्या मॉड्यूलच्या फाइलींत असतात. त्या फाइली कुठे? डिस्कवर. माझ्या बाबतीत तर एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवर, म्हणजे कुलपाची किल्ली कुलूपबंद पेटीत. हा पेच सोडवण्यासाठी ग्रब कर्नलसोबत आणखी एक फाइल मेमरीत ठेवतो. ती म्हणजे एक चिमुकली फाइल सिस्टिम असते. तिच्यात गरजेची मॉड्यूल, पासफ्रेज विचारणारा प्रोग्राम, एलव्हीएमची, म्हणजे डिस्कची जागा खंडांत वाटणाऱ्या व्यवस्थेची, अवजारं आणि एक सुरुवातीची स्क्रिप्ट असते. ती स्क्रिप्ट डिस्क उघडते, रूट शोधते आणि कारभार खऱ्या सिस्टिमच्या हाती देते. २००३च्या डिसेंबरमध्ये आलेल्या २.६ कर्नलपासून ही इनिटरॅमएफएसची पद्धत रुळली, पण बूट पार्टिशनवरच्या फाइलीचं नाव मात्र त्याआधीच्या पद्धतीवरून इनिटआरडी असंच राहिलं. म्हणून इनिटआरडी आणि इनिटरॅमएफएस ही दोन नावं वाचली की गोंधळ होतो. माझ्यासारख्या मशीनवर ती एकाच फाइलीची नावं आहेत.

पासफ्रेजची चौकट याच फाइलीतून येते. आणि आज चौकट आली नव्हती. धागा इथे सापडला.

आता ग्रबचा मेनू हवा होता. तो मीच दडवून ठेवला होता. एक सेकंद थांबून थेट सुरू व्हायचं, अशी सेटिंग केली होती. त्या सेकंदात एस्केप दाबलं तर मेनू दिसतो. घाईत मी चार-पाच वेळा दाबलं. पहिल्या दाबाने मेनू उघडला असणार, पुढच्या दाबाने मी त्याच्याही मागे, ग्रबच्या कमांड प्रॉम्प्टवर पोचले. रिकामा काळा पडदा, वर ग्रब आणि पुढे कर्सर. पुन्हा रीस्टार्ट करून एकदाच एस्केप दाबता आलं असतं. पण हा प्रॉम्प्ट स्वतःच एक लहानशी सिस्टिम आहे, त्याला फाइली वाचता येतात, हे मी कुठेतरी वाचलं होतं. म्हणून थांबले. ती थांबण्याची दहा मिनिटं त्या दिवसातली सगळ्यात मोलाची ठरली.

‘एलएस’ लिहिल्यावर ग्रबने त्याला दिसणाऱ्या डिस्क आणि पार्टिशन सांगितले: एचडी शून्य, आणि त्यावर जीपीटी एक, दोन, तीन. पहिला ईएफआयचा. तिसऱ्याच्या आत डोकावायला गेले तर फाइल सिस्टिम ओळखता येत नाही असं उत्तर आलं. ते बरोबरच होतं, तो एन्क्रिप्ट केलेला होता. दुसरा उघडला आणि बूटमधल्या फाइलींची यादी समोर आली. लांब नावं, शेवटचे आकडे तेवढे वेगळे. मी कागद घेतला आणि नावं लिहून काढली. व्हीएमलिनुझ नावाच्या, म्हणजे कर्नलच्या फाइली: तीन. कॉन्फिगच्या फाइली: तीन. सिस्टिम मॅपच्या: तीन. इनिटआरडीच्या: दोन.

परत मोजल्या. दोनच. सगळ्यात नव्या कर्नलची इनिटआरडी तिथे नव्हतीच.

म्हणजे नवा कर्नल बिघडलेला नव्हता. त्याला रिकाम्या हातांनी उभं केलं होतं. डिस्कचा ड्रायव्हर नाही, पासफ्रेज विचारायला कोणी नाही, रूट कुठे आहे ते सांगायला स्क्रिप्ट नाही. त्याने शोधलं, काही सापडलं नाही आणि त्याने ते जसंच्या तसं सांगितलं. सकाळपासून मी ज्या वाक्याला घाबरत होते ते अगदी अचूक होतं.

मग मधला कर्नल हाताने सुरू करायचं ठरवलं. ग्रबला तीन गोष्टी सांगाव्या लागतात. ‘लिनक्स’ या कमांडने कर्नलची फाइल आणि रूटचा पत्ता, ‘इनिटआरडी’ या कमांडने तिची जोडीदार फाइल, आणि शेवटी ‘बूट’. त्याआधी ‘सेट रूट’ करून दुसरं पार्टिशन हे मूळ मानायला सांगावं लागतं, नाहीतर फाइल सापडत नाही. नावं लांब असली तरी टॅब दाबलं की ग्रब ती पूर्ण करून देतो. कर्नल आणि इनिटआरडी यांचे आकडे तंतोतंत जुळायला हवेत, कारण एका कर्नलची मॉड्यूल दुसऱ्याला चालत नाहीत. इतकं सगळं जपून केलं. अडचण आली रूटच्या पत्त्यात.

माझ्या मशीनचं नाव ‘ओवी’. इन्स्टॉल करताना एलव्हीएमच्या गटाला ‘ओवी-व्हीजी’ असं नाव मिळालं होतं आणि त्यातल्या खंडाला ‘रूट’. म्हणून डेव्ह-मॅपर या डिरेक्टरीखाली ‘ओवी-व्हीजी-रूट’ असणार असं धरून मी ते लिहिलं. ‘बूट’ दिलं, आणि पासफ्रेजची मागणी आली! साध्या अक्षरांत, चौकटीशिवाय, पण आली. टाइप केली, डिस्क उघडल्याचं उत्तर मिळालं. मग बराच वेळ काही नाही. शेवटी एक इशारा: ते उपकरण अस्तित्वात नाही, तुम्हाला शेलमध्ये सोडत आहे. आणि कंसात इनिटरॅमएफएस लिहिलेला प्रॉम्प्ट.

या प्रॉम्प्टवर पोचल्यावर पुष्कळजण सगळं संपलं असं समजतात. मीही पूर्वी एकदा तसं समजले होते. खरं तर इथे आपण त्या चिमुकल्या फाइल सिस्टिमच्या आत उभे असतो आणि हाताशी बरीच अवजारं असतात. मी एलव्हीएमला सगळे खंड जागे करायला सांगितलं आणि डेव्ह-मॅपरची यादी पाहिली. तिथे नाव होतं ‘ओवी--व्हीजी-रूट’. दोन आडव्या रेघा. डिव्हाइस मॅपर गट आणि खंड यांची नावं एका रेघेने जोडतो, आणि गटाच्या नावातच रेघ असली तर गफलत होऊ नये म्हणून ती दुप्पट करून लिहितो. नियम साधा आहे, पण तो माहीत नसेल तर दहा वेळा वाचूनही चूक दिसत नाही.

हा पत्ता आठवणीतून लिहायची गरजच नव्हती, हे नंतर कळलं. ग्रबच्या प्रॉम्प्टवर ‘कॅट’ चालतं. बूट पार्टिशनवरची ग्रबची कॉन्फिग फाइल तिथेच उघडून रूटची पूर्ण ओळ वाचता आली असती. ‘सेट पेजर’ एक केलं की मजकूर पानापानाने थांबतो. कुणावर ही वेळ आली तर हे लक्षात असू द्या.

रीस्टार्ट केलं, या वेळी एस्केप एकदाच दाबलं, मेनू आला. ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये तिन्ही कर्नल होते. मधला निवडला. पासफ्रेजची नेहमीची चौकट आली आणि अर्ध्या मिनिटात माझा डेस्कटॉप समोर होता, आदल्या रात्री सोडला होता तसा.

दुरुस्तीला हात लावण्याआधी बाहेरचा ड्राइव्ह जोडला आणि पाच दिवसांच्या फाइली उतरवून घेतल्या. दोन फाइली उघडून, शेवटचा परिच्छेद वाचून खात्री केली. मग भावाला निरोप पाठवला की काम सुरक्षित आहे आणि मी काही पुसत नाहीये.

आता प्रश्न: इनिटआरडी का बनली नाही? जागा संपली असणार, हा पहिला अंदाज. जागेचा हिशोब दाखवणाऱ्या ‘डीएफ’ने बूट पार्टिशन पाहिलं. एकूण ४८८ एमबी, वापरात ३७२ एमबी, म्हणजे फाइल सिस्टिमची राखीव जागा वगळून ८० टक्के. वीस टक्के मोकळं! अंदाज चुकला असं वाटलं आणि मी तासभर दुसरीकडेच शोधत बसले. फाइल सिस्टिम तपासली. पॅकेजांची स्थिती पाहिली. तिथे नव्या कर्नलच्या पॅकेजपुढे ‘आयएफ’ अशी खूण होती, म्हणजे बसवायला घेतलं पण जुळणी अर्ध्यावर राहिली. व्यवस्थित बसलेल्या पॅकेजपुढे ‘आयआय’ असतं. मग एपीटीच्या, म्हणजे पॅकेजं बसवणाऱ्या-काढणाऱ्या प्रोग्रामच्या, लॉगमध्ये गेले. व्हार-लॉग-एपीटीखाली ‘टर्म’ नावाची फाइल असते. पडद्यामागे अपडेट होताना टर्मिनलवर जे काही छापलं गेलं असतं ते सगळं तिच्यात साठतं. नऊ दिवसांपूर्वीची नोंद सापडली: ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. त्याखाली इनिटरॅमएफएस बनवणं अयशस्वी, आणि त्याखाली कर्नलच्या पॅकेजची जुळणी अयशस्वी.

म्हणजे जागा संपलीच होती. मग ८० टक्के कसे?

अर्धवट पॅकेज पूर्ण करायला एपीटीच्या हाताखालच्या ‘डीपीकेजी’ला सांगितलं आणि शेजारच्या टर्मिनलमध्ये ‘वॉच’ लावून दर सेकंदाला ‘डीएफ’ पाहत बसले. बराच वेळ ८० टक्के. मग एकाएकी आकडे चढायला लागले: ८८, ९५, १००. लगेच चूक छापली गेली, आणि पुढच्याच सेकंदाला आकडा पुन्हा ८०वर. इनिटआरडी आधी ‘न्यू’ असं शेपूट लावून लिहिली जाते आणि पूर्ण झाली तरच तिला खरं नाव मिळतं. मध्ये जागा संपली तर अर्धवट फाइल पुसली जाते. ही पद्धत चांगलीच आहे, अर्धवट फाइल खऱ्या नावाने पडून राहण्यापेक्षा ती नसलेली बरी. पण तिच्यामुळे नंतर पाहणाऱ्याला गुन्ह्याची जागा धुतलेली दिसते. टक्क्यांवर विसंबायला नको होतं. गणित एमबीत करायला हवं होतं: इनिटआरडी प्रत्येकी १४८ एमबी, राखीव सोडून मोकळी जागा ९२ एमबी.

एवढी मोठी कशी झाली, हाही प्रश्न मला सोडवत नव्हता. मशीन नवं होतं तेव्हा ती याच्या निम्मीही नव्हती आणि बूट पार्टिशनला दिलेली जागा भरपूर वाटली होती. ‘एलएसइनिटरॅमएफएस’ने आतल्या फाइलींची यादी काढली. ग्राफिक्सची मॉड्यूल आणि त्यांच्यामागून आलेल्या फर्मवेअरच्या फाइलींचा ढीग. पासफ्रेजची चौकट नीट दिसावी म्हणून ग्राफिक्सचे ड्रायव्हर आत घेतले जातात, आणि मूळ सेटिंग ‘मोस्ट’ असल्यामुळे माझ्या मशीनमध्ये नसलेल्या हार्डवेअरचेही घेतले जातात. असं करण्यामागे विचार आहे. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तरी ती सुरू व्हावी. पण त्याचं वजन दर कर्नलमागे वाढत जातं.

आता दुरुस्ती, आणि तिथेही एक पेच. सगळ्यात जुना कर्नल काढून टाकला की जागा होईल. पण एपीटी तो काढायला तयार नव्हतं, कारण आधी ते अर्धवट पॅकेज पूर्ण करायला जातं, आणि ते पूर्ण होत नाही कारण जागा नाही. अशा वेळी बूटमधल्या फाइली सरसकट पुसून टाकण्याचा मोह होतो. तो टाळला. ‘युनेम’ने आत्ता चालू असलेला कर्नल कोणता ते पक्कं केलं, कारण त्याच्या फाइलींना धक्का लावायचा नव्हता. मग सगळ्यात जुन्या कर्नलची इनिटआरडी पुसली नाही, फक्त माझ्या होम डिरेक्टरीत हलवली. चुकलं तर परत ठेवता यावी म्हणून. मोकळी जागा २४० एमबी झाली. पुन्हा ‘डीपीकेजी’ला जुळणी पूर्ण करायला सांगितलं. शेजारी आकडे चढत गेले आणि शंभराच्या आत थांबले. या वेळी ते खाली आले नाहीत.

त्यापाठोपाठ ग्रबचा मेनू नव्याने लिहिला गेला आणि त्याचे संदेश टर्मिनलवर येऊ लागले. ‘फाउंड लिनक्स इमेज’, त्याखाली ‘फाउंड इनिटआरडी इमेज’. दोन कर्नलांसाठी अशी जोडी आली. तिसऱ्या, सगळ्यात जुन्या कर्नलसाठी एकच ओळ, कारण त्याची इनिटआरडी मी नुकतीच बाहेर काढली होती. ती एकटी ओळ बघताना मला आदली रात्र आठवली.

कारण तोवर एक गोष्ट जुळत नव्हती. अपडेट नऊ दिवसांपूर्वी फसलं होतं आणि मधल्या काळात मी मशीन रोज बंद-चालू करत होते. तेव्हा काहीच कसं झालं नाही? कर्नल बसतो तेव्हा तीन कामं एकामागून एक होतात: कर्नलची फाइल बूटमध्ये येते, तिची इनिटआरडी बनते आणि मग ग्रबचा मेनू नव्याने लिहिला जातो. दुसरं काम फसलं म्हणून तिसरं झालंच नाही. मेनू जुनाच राहिला, मशीन जुन्याच कर्नलवर सुरू होत राहिलं. नवं पॅकेज मी त्या नऊ दिवसांत एकही बसवलं नव्हतं, त्यामुळे एपीटीची तक्रारही समोर आली नाही. आदल्या रात्री मात्र मी मेनू दडवण्याची ती सेटिंग केली आणि ‘अपडेट-ग्रब’ चालवलं. ग्रबने बूटमध्ये जे सापडलं ते सगळं मेनूत घेतलं. सगळ्यात नवा कर्नल सगळ्यात वर, इनिटआरडी असो वा नसो. तेव्हाही टर्मिनलवर एका कर्नलपुढे एकच ओळ आली असणार. मी ती पाहिली नाही. टर्मिनलच्या इतिहासात कमांड होती, माझ्या डोळ्यांखालून गेलेला तिचा मजकूर राहिलेला नव्हता.

हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. कारण आता घटनाक्रमात एकही जागा ‘कसं कोण जाणे’ अशी उरली नव्हती.

नव्या इनिटआरडीत एन्क्रिप्शनची माहिती आली आहे ना, हे मी रीस्टार्टआधी तपासलं. तिच्या यादीत ‘क्रिप्टरूट’ नावाच्या डिरेक्टरीत ‘क्रिप्टटॅब’, म्हणजे एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कची नोंद, दिसायला हवं, आणि ते होतं. ही तपासणी मी आग्रहाने सांगते, विशेषतः लाइव्ह यूएसबीवरून दुरुस्ती करणाऱ्यांना. तिथून डिस्क उघडताना तिला जे नाव देतो ते आपल्या मूळ सिस्टिमच्या क्रिप्टटॅबमधल्या नावाशी जुळलं पाहिजे. नाही जुळलं तर क्रूटमध्ये, म्हणजे लाइव्ह यूएसबीवरून मूळ सिस्टिमच्या आत शिरून, बनवलेली इनिटआरडी कुलपाचा पत्ता न घेताच तयार होते, आणि सगळं नीट केलं असं वाटत असताना मशीन पुन्हा अडतं.

रीस्टार्ट केलं. मेनूला हात लावला नाही. चौकट आली, पासफ्रेज दिली, डेस्कटॉप आला. ‘युनेम’ने नव्या कर्नलचा आकडा सांगितला. मग निर्धास्तपणे सगळ्यात जुना कर्नल एपीटीमार्फत काढला, होममध्ये ठेवलेली त्याची फाइल पुसली. इनिटरॅमएफएसच्या कॉन्फिगमध्ये ‘मोस्ट’च्या जागी ‘डेप’ केलं, म्हणजे या मशीनला लागतील तेवढीच मॉड्यूल आत जातील, आणि फक्त नव्या कर्नलची इनिटआरडी पुन्हा बनवली. ती ६१ एमबीची झाली. मागच्या कर्नलची १४८ एमबीचीच मुद्दाम ठेवली, ‘डेप’चा अंदाज चुकला तर परतायला वाट असावी म्हणून. उद्या मदरबोर्ड बदलायची वेळ आली तर त्याआधी ‘मोस्ट’ करायला विसरायचं नाही, ही चिठ्ठी मशीनच्या पेटीला आतून चिकटवली आहे. मेनूही परत दिसता केला, पाच सेकंद. सकाळचे चार सेकंद वाचवून मला काय मिळणार होतं?

संध्याकाळी भावाचा फोन आला. मी सगळं सांगितलं. तो मध्ये एकदाही बोलला नाही. मग कीबोर्डचा आवाज आला.

“ताई, माझं बूट ८६ टक्के आहे. म्हणजे आहे की जागा.”

“टक्के नको. मोकळी जागा किती एमबी आणि सगळ्यात मोठी इनिटआरडी किती एमबी, ते सांग.”

पुन्हा कीबोर्ड. थोडा वेळ शांतता.

“थांब,” तो म्हणाला, “ती जुनी फाइल कुठे हलवलीस ते परत एकदा सांग. लिहून घेतो.”